टिपणीसबाईंची परीक्षा

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसायचं असतं, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. त्याआधी छत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रश्नच विचारत होतो. पण प्रश्न तोंडातून सुटतो न सुटतो तोच माझं बोट पुढच्या बाकाकडे गेलेलं असायचं. "तू सांग. नाही येत? बस खाली. तू सांग." डॉक्टर शरयू टिपणीस प्रश्न विचारायच्या आणि मग खरोखरच थांबायच्या. समोरची बाई पदराचं टोक पिळत बसली, तर तिचं पिळून होईपर्यंत थांबायच्या. मध्येच शेळी ओरडली, सासूने हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, तरी बाईंचा चेहरा तसाच, ऐकत असलेला. बाहेर ओट्यावर बसून मला घाम फुटायचा. वाटायचं, आत जावं आणि आपणच उत्तर देऊन टाकावं.

बाई ठाण्याला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, आणि शहापूर-मुरबाडकडच्या खेड्यांत त्यांचं संशोधन चालू होतं. श्वासाकडे, हातातल्या कामाकडे, अंगात काय चाललंय तिकडे नीट लक्ष द्यायची सवय लावली, तर माणसाची धास्ती आणि उदासी कमी होते का, असा तो विषय. शहरातल्या लोकांवर याचे प्रयोग झाले होते. भात लावणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, दिवसाकाठी दहादा चूल फुंकणाऱ्या बायकांना त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे बाईंना बघायचं होतं. 'खरोखर' या शब्दावर त्या जोर द्यायच्या. होत असेल तर गावोगाव न्यायचं, होत नसेल तर बायकांचा वेळ खायचा नाही. त्या एका 'खरोखर'साठी त्यांनी तीन वर्षं घातली होती. आणि त्यात मी असा काही घोळ घातला, की ती तीन वर्षं पाण्यात जायची वेळ आलीच, शिवाय एका बाईच्या जिवावरही बेतलं असतं. तो घोळ सांगितल्याशिवाय बाई सांगताच येणार नाहीत, म्हणून तो सांगतोच.

माझं गाव शेणव्याच्या अंगाला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात माझा सगळ्यांना त्रास होऊ लागला होता. सुनेने भाजी कशी चिरावी इथपासून मी मार्गदर्शन करायचो. अशात बाईंना प्रश्नावलीचं मराठी तपासायला आणि गावांत ओळखी करून द्यायला कोणी जुना शिक्षक हवा आहे, असं कानावर आलं. सुनेनेच माझा फोन नंबर कळवला. का कळवला, ते मी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मी प्रश्नावलीचं मराठी असं काही देखणं करून दिलं, की माझाच मला अभिमान वाटला. 'गत पंधरवड्यात आपणांस अकारण भयाकुलतेचा अनुभव आला काय?' असा एकेक प्रश्न. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "गुरुजी, हे ऐकून तर मलाच भयाकुल वाटायला लागलं."

मग त्या हसल्या. बाईंचं हसणं मोठं होतं, पार गल्लीच्या टोकाला जाईल असं. उंच, हाडकुळी बाई, केस आखूड, सलवार-कमीज आणि पायात डोंगर चढायचे बूट. त्या बुटांना इतक्या नाड्या, की प्रत्येक घराच्या उंबऱ्यात ते काढायलाच पाच मिनिटं जायची. चपला घाला म्हणून मी दहादा सांगितलं. "विंचू चावला तर तुम्ही येणार का ठाण्याला माझे तास घ्यायला?" असं म्हणून त्या पुन्हा खाली वाकून नाड्या सोडवत बसायच्या. त्यांची एक जुनी छोटी मोटार होती. ती पुढे छान चालवायच्या. मागे घेता यायची नाही. गाडी वळवायची वेळ आली, की मी उतरून "या, या, या... थांबा!" करत उभा. एकदा गाडी गवताच्या उडवीत घुसली, तेव्हाही त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही 'थांबा' उशिरा म्हणालात."

माझी 'भयाकुलता' त्यांनी खोडली आणि मला सोबत घेऊन गावात फिरल्या. बायकांनाच विचारलं, असं असं होतं त्याला तुम्ही काय म्हणता? कोणी म्हणाली, धास्ती लागते. कोणी म्हणाली, काळीज हालतं. उदासीला तर नावच नव्हतं. "मन लागत नाय" एवढंच. आठ दिवसांत प्रश्नावली अशी साधी झाली, की माझ्या दुसरीतल्या नातीलाही कळली असती. मला ते फारसं आवडलं नव्हतं, हेही कबूल करतो.

बाईंचे काही नियम होते. कोणाच्या घरी चहाला नाही म्हणायचं नाही. आपल्याकडून मात्र काहीही न्यायचं नाही, पोरांना गोळ्यासुद्धा नाहीत. "खाऊ दिला की उत्तरं गोड येतात," असं त्या म्हणायच्या. तिसरा नियम माझ्यासाठी होता: बायका बोलत असताना मी आत यायचं नाही. म्हणून माझी जागा कायम ओट्यावर, बुटांशेजारी. आणि माझ्या स्वतःच्या गावात तर त्यांनी मला अजिबातच नको म्हटलं. "तिथे तुमच्या भावजया आणि सुना आहेत. त्या खरं कसं बोलतील?" मला त्यांनी नेलं सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. तिथे नोकरीच्या सुरुवातीला मी सहा वर्षं शिकवलेलं. आजच्या निम्म्या घरांचे कर्ते पुरुष माझ्या हाताखालून गेलेले, त्यामुळे गुरुजी म्हणतील ती पूर्व दिशा.

भाताची झोडणी उरकली आणि पाड्यावरच्या समाजमंदिरात दर गुरुवारी दुपारी वर्ग सुरू झाला. आठ गुरुवार. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकीला प्रश्न विचारायचे, संपल्यावर तेच परत विचारायचे, आणि फरक बघायचा. इतकं साधं. वर्गातही बाई काही अवघड शिकवत नव्हत्या. बायका पाखडायला सुपं घेऊन यायच्या. हात चालू ठेवायचे आणि लक्ष हातावर ठेवायचं. तांदूळ सुपात पडताना आवाज कसा येतो, कोंडा उडताना नाकाला काय वाटतं. लक्ष पळालं की पळालं हे बघायचं आणि परत आणायचं, ओरडायचं नाही. मग थोडा वेळ नुसतं डोळे मिटून श्वास.

दुसऱ्याच गुरुवारी चांगुणाआजीने त्यांना अडवलं. चांगुणाआजी म्हणजे पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत फटकळ बाई. मी तिथे शिकवायचो तेव्हाही ती म्हातारीच होती, असं मला आठवतं. ती म्हणाली, "गो बाय, आमी दिसभर हातांनीच काम करतो. ध्यान हातावं ठेवून धास्ती जात असती, तं आमाला लागलीच कशाला असती?"

सगळ्या हसल्या. मी ओट्यावर बसल्या बसल्या मनात म्हटलं, आता काय उत्तर देतात बघू. बाईंनी वही उघडली, आजीचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला आणि म्हणाल्या, "आजी, मला माहीत नाही. तेच शोधायला आले आहे." शिकलेलं माणूस 'मला माहीत नाही' म्हणतं, हे त्या पाड्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी तरी तिथे सहा वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

आणि मग कोंबडीचा प्रकार झाला. बाई कशालाच घाबरायच्या नाहीत. साप आडवा गेला तरी "जाऊ दे त्याला" म्हणायच्या. पण कोंबडी! कोंबडी दिसली की त्या भिंत धरायच्या. चौथ्या गुरुवारी सगळ्या डोळे मिटून बसलेल्या, बाई हळू आवाजात सांगतायत, "भीती आली तर तिला येऊ द्या, बसू द्या, फक्त बघा..." आणि सांडलेल्या दाण्यांमागे एक तांबडी कोंबडी आत शिरून थेट बाईंच्या मांडीवर चढली. बाई किंचाळून अशा उठल्या, की सूप एकीकडे, चष्मा दुसरीकडे. कोंबडीही घाबरून आढ्याला लागली.

"बाय, येऊ द्या तिला, बसू द्या!" चांगुणाआजी म्हणाली, आणि समाजमंदिर दणाणलं.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. बाई हसल्या, चष्मा शोधला, परत मांडी घालून बसल्या आणि सगळ्यांत जवळ बसलेल्या निर्मलाचा हात घेऊन आपल्या मनगटावर ठेवला. "बघ, कशी उडतेय नाडी. मी हे शिकवते म्हणजे मला भीती वाटत नाही असं नाही. आता ती कधी खाली येते ते आपण सगळ्या मिळून बघू." आणि खरंच, सगळ्या बायका एका बाईच्या भीतीची नाडी उतरेपर्यंत बसून राहिल्या. त्या दिवसापासून बाई पाड्याच्या झाल्या. कोणी पापड देऊ लागली, कोणी त्या यायच्या आधी कोंबड्या डालून ठेवू लागली. बाई पापड घ्यायच्या नाहीत, तिथेच भाजून सगळ्यांबरोबर खायच्या. एवढा जीव लावणं पुढे महागात पडणार आहे, हे तेव्हा त्यांना किंवा मला कळायला काही मार्ग नव्हता.

निर्मलाबद्दल इथे सांगायला हवं. हे तिचं खरं नाव नव्हे, आणि जे लिहितोय ते तिला विचारून लिहितोय. तिशीची, अबोल. तिचा नवरा माझा विद्यार्थी; मुरबाडला कंपनीत कामाला, पीत नाही, हात उगारत नाही. दोन मुलं, पत्र्याचं का होईना घर. "तिला काय कमी हाय?" असं पाड्यावर सगळे म्हणायचे. तरी गेल्या पावसाळ्यापासून ती हळूहळू विझत चालली होती. सासूने भगताकडे नेऊन आणलं होतं. बाईंनी त्यावर सासूला एक शब्दही बोलून दाखवला नाही, फक्त विचारलं, "तिथून आल्यावर झोपली का ती?" सासू म्हणाली, "नाय." बाईंनी तेवढंच लिहून घेतलं.

आठवा गुरुवार झाला आणि शेवटचे प्रश्न विचारायचा दिवस आला. बाई समाजमंदिराच्या खालच्या पायरीवर नाड्या सोडवत बसल्या होत्या. ती पाच मिनिटं माझ्या हाती लागली. मला बाईंबद्दल फार वाटू लागलं होतं, त्यांचं काम चांगलं व्हावं असं वाटत होतं. मी सरळ आत गेलो आणि बायकांपुढे उभा राहिलो.

"बायांनो," मी म्हटलं, "आज बाईंची परीक्षा आहे. तुमच्या उत्तरांवर त्यांचा निकाल लागणार. नीट उत्तरं द्या. एवढ्या लांबून येतात त्या, त्यांना खाली बघायला लावू नका. पाड्याचं नाव राखा."

शाळेत साहेब तपासणीला यायचे, तेव्हा मुलांना मी हेच सांगायचो, जवळजवळ याच शब्दांत. छत्तीस वर्षं ते भाषण उपयोगी पडलं होतं. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. बाई बूट काढून आत आल्या आणि मी ओट्यावर जाऊन बसलो.

दोन दिवसांत सगळ्यांचे प्रश्न विचारून झाले. निकाल बघायला मी बाईंच्या खांद्यावरून डोकावलो. धास्ती नाही, झोप छान, भूक छान, मन लागतं. एकजात सगळ्यांचं. मी टाळीच वाजवली. "बाई, पहिला वर्ग! अभिनंदन!"

बाई एकेक कागद उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, इतकं चांगलं कोणाचंच नसतं. माझंही नाही, तुमचंही नाही." एका कागदावर त्यांनी बोट ठेवलं. निर्मलाचा कागद होता. "ही गेले दोन गुरुवार सूप हातात धरून बसते. पाखडत नाही. नुसतं धरते. आणि हिला म्हणे रोज रात्री छान झोप लागते."

कागद पिशवीत टाकून त्या उठल्या आणि सरळ निर्मलाच्या घराकडे निघाल्या. मागून मी. घरात निर्मला एकटीच होती. बाई बूट काढायच्या भानगडीत न पडता उंबऱ्यातच बसल्या, पाय बाहेर. मी दोन हातांवर, ओट्याच्या कडेला. ऐकू नये हे कळत होतं, आणि मी ऐकलं.

"निर्मला, झोप छान लागते म्हणालीस."

"हां."

"छान म्हणजे कशी?"

आणि बाई थांबल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. परसातल्या फणसावर कोणीतरी कुऱ्हाड चालवत होतं, तो आवाज थांबला आणि परत सुरू झाला, एवढं आठवतं. मग निर्मलाचा आवाज आला, अगदी बारीक.

"बाय, खरं सांगितला तं तुमी नापास व्हाल ना?"

"कोण म्हणालं?"

"गुरुजी बोलले. तुमची परीक्षा हाय म्हून. मंग आमी सगळ्यांनी ठरवला, बायला पास करायचा. कुणी वायीट सांगायचा नाय. आजी बोलली, बाय आपल्यासाठी कोंबड्यांत येते, आपण येवढा करू."

मी ओट्यावर होतो तिथेच खाली बघत राहिलो. आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात.

बाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "मी नापास झाले तरी चालेल," त्या म्हणाल्या. "तुझं खरं सांग."

परत थांबणं. मग निर्मला बोलू लागली. पुष्कळ बोलली. सगळं लिहीत नाही. एक लिहितो, कारण ते तिने नंतर मलाही स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "पाण्याला जाताना भ्या वाटतं. हिरीचा नाय वाटत, माजा मला वाटतं."

बाई उठून आत गेल्या आणि तिच्याजवळ बसल्या. हात धरला नाही, पाठीवरून फिरवला नाही. सरळ, स्वच्छ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" मी दचकलो. असं उघड विचारायचं असतं का? पण निर्मला रडायला लागली आणि "हां" म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती, हे मला बाहेरही कळलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. हा आजार आहे, याला डॉक्टर आहेत, औषध आहे. आपण उद्या जायचं. मी येते." त्या आवाजात काकुळती नव्हती. ताप आलाय, औषध आणू, तसं सांगितलं.

आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर यायचे, त्यांच्याकडे निर्मलाला नेलं. बरोबर नवरा आणि सासू. त्या दिवसापासून पुढचा महिना-दीड महिना चांगुणाआजी निर्मलाबरोबर पाण्याला जायची. तिला हंडा उचलत नव्हता, रिकामी कळशी घेऊन जायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माजे पाय मोकले करतंय."

दवाखान्यातून परतताना गाडीत मी माफी मागितली. बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "चूक झाली, मोठी झाली. पण तुम्ही आत जाऊन काय बोललात हे मी तुम्हाला विचारलं नाही, ती माझी. सगळ्यांना विचारत फिरते आणि तुम्हालाच विचारलं नाही." थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं, की बऱ्याच वर्षांपूर्वी एक अख्खं वर्ष त्यांनी स्वतःच्या घराचे पडदे उघडले नव्हते. "तेव्हा मला सगळे विचारायचे, कशी आहेस? आणि उत्तर यायच्या आत निघून जायचे." याहून जास्त त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

खरी कसोटी पुढेच होती. संशोधनाचं काम ज्यांच्या हाताखाली चाललं होतं, ते शहरातले मोठे सर अहवालासाठी घाई करत होते. पाड्यावर फोन लागायचा तो फक्त वरच्या वळणावर, मोठ्या कातळाजवळ. बाई कातळावर उभ्या, मी गाडीशी. सर काय म्हणत होते ते मला नंतर बाईंनीच सांगितलं: आकडे उत्तम आले आहेत, पाठवून द्या, एका गावात थोडं इकडेतिकडे झालं तर कोणाला कळणार आहे? बाईंचं बोलणं मात्र मी या कानांनी ऐकलं.

"सर, निकाल चांगले नाहीत. बायका चांगल्या आहेत." मग पलीकडचं ऐकून, "नाही, मी हे पाठवणार नाही. ही उत्तरं नाहीत, आहेर आहे. आहेर कोणी पुरावा म्हणून लावतं का?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. बाई ऐकत होत्या, जशा त्या सगळ्यांचं ऐकायच्या. शेवटी म्हणाल्या, "लागू दे आणखी एक वर्ष. नाव कमी झालं तर होऊ दे." आणि कातळावरून उतरताना मला म्हणाल्या, "चला गुरुजी, गाडी वळवायची आहे." मला तर त्या क्षणी त्यांना शाळेसारखा कडक सलाम ठोकावासा वाटला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळ्या बायकांना बसवलं आणि सरळ सांगितलं. "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. आणि ते मला नको. परीक्षा माझी नाही. मी जे शिकवते त्याची आहे. ते खोटं नाणं असेल तर ते मी दुसऱ्या पाड्यावर नेऊन खपवीन, आणि तिथे कोणीतरी निर्मला असेल, ती म्हणेल मला बरं आहे. मग तिचं काय?" निर्मलाने सांगितलं होतं, माझं नाव घ्या म्हणून.

मग चांगुणाआजी म्हणाली, "मंग सांगू का खरा? डोले मिटले का मला ध्यान-बिन काय दिसत नाय. चुलीवरला दिसतं. नि मांडी घालून गुडघे जातात माजे."

"लिहिते," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं.

त्यावर सगळ्यांचा बांध फुटला. एकीला श्वासाकडे बघितलं की उलट जास्त घाबरायला व्हायचं. एकीला सुपाचं आवडायचं, पण घरी सासू म्हणायची, "काय बघत बसलीस?" एकीला मात्र खरंच उपयोग झाला होता, नवरा उशिरा आला की तिचं काळीज हालायचं, ते आता हालतं आणि खाली बसतं, असं तिने सांगितलं, आणि तिचं बोलणं ऐकून मला वाटलं, हे खरं आहे, हे कोणी पाठ करून सांगू शकणार नाही. बाईंचा चेहरा त्या दुपारी जसा फुलला होता, तसा तो एकजात उत्तम आकडे बघून फुलला नव्हता.

वर्ग परत पहिल्यापासून घेतले. बसायला पाट आले, श्वासाने घाबरणाऱ्यांसाठी नुसतं चालणं आलं. जिला औषधाची गरज होती तिला आधी डॉक्टर, मग वर्ग. शेवटचे प्रश्न विचारायला या वेळी बाई स्वतः गेल्या नाहीत. ज्यांना पाडा ओळखत नव्हता अशा एक शिक्षिका मुरबाडहून आल्या. आणि मला हुकूम झाला, की त्या दोन दिवसांत पाड्यावर पाऊल टाकायचं नाही. मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसून होतो, दोन दिवस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कोणतीही सूचना केली नाही. माझ्या आयुष्यातली ती मोठीच कामगिरी म्हणायला हवी.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. अहवाल झाला होता आणि पाड्याचं काम संपलं होतं. पुढचं त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात करायचं होतं. अहवाल आधी बायकांना वाचून दाखवायचा, मग बाकीच्यांना, असा त्यांचा हट्ट. समाजमंदिर भरलं होतं. या वेळी मला आत बोलावलं होतं, दाराजवळ. बाई सोप्या मराठीत सांगत गेल्या. धास्तीवर याचा काही जणींना उपयोग झाला, सगळ्यांना नाही. कोणाला का झाला आणि कोणाला का नाही, त्यातलं थोडं कळलं, बरंचसं कळलं नाही. आणि खोल उदासीत बुडालेल्यांना नुसत्या ध्यानाने उपयोग झाला नाही. त्यांना डॉक्टर लागले, औषध लागलं, सोबतीला माणूस लागलं. हेच बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

निर्मला पुढे बसली होती. अंग जरा भरलं होतं. तिने विचारलं, "बाय, यात मी कंची?"

बाईंनी पान उलटलं आणि तिला ओळ दाखवली. "ही. ध्यानाने उपयोग झाला नाही त्यातली."

मला वाटलं, आता हिला वाईट वाटणार. निर्मला त्या ओळीकडे बघत राहिली. तिचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. अक्षरं ओळखीची, वाचण्याइतकी नाहीत.

"म्हंजी माजा खरा लिवलाव तुमी," ती म्हणाली.

"हो."

"मंग त्याच्याफुडं आनकी एक लिवा. हाय म्हणावं अजून."

समाजमंदिरात कोणी हसलं नाही. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात पुढे केला, मी खिशातलं पेन दिलं. छापलेला कागद भिंतीला टेकवून त्या समासात लिहू लागल्या, उभ्या उभ्याच. निर्मला उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा वर केला, डोळे पुसले आणि मोठ्याने वाचलं, "हाय अजून."